घरचं वायफाय कुणाला आणि कितपत? भाडेकरू, पाहुणे, शेजारी असलेल्या घरासाठी पायरीपायरीने

सांगलीत विश्रामबाग किंवा शंभर फुटी रस्त्याच्या बाजूला घर असेल, तर घरातलं वायफाय सहसा फक्त घरच्यांचं राहत नाही. खाली घरमालक, वर वालचंद नाहीतर विलिंग्डन कॉलेजची कॉट बेसिसवर राहणारी मुलं, मागच्या दोन खोल्यांत एखादं भाडेकरू कुटुंब. त्यात कुणाला मिरजेला दवाखान्यात दाखवायला आणलं की जत-आटपाडीकडचे पाहुणे चार दिवस मुक्कामाला. येणारा प्रत्येकजण चहा व्हायच्या आत पासवर्ड विचारतो आणि आपण सांगतोही. नाही कसं म्हणणार?

वर्षभरात तो पासवर्ड किती जणांकडे गेला याचा पत्ता राहत नाही. मग नेट अडकायला लागलं की घरात संशय सुरू होतो: वरची पोरं काहीतरी डाउनलोड करत असतील, शेजारचे वापरत असतील. कुणीतरी चिडून पासवर्ड बदलतं, घरातला टीव्ही आणि कॅमेराही बंद पडतो, आणि दोन महिन्यांत नवा पासवर्डही गल्लीभर झालेला असतो.

आमचं घर असंच गजबजलेलं आहे. त्यात ही घडी बसवली, नंतर नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच घरांत बसवून दिली. कुठे अडतं, काय उलटतं हे त्यातून कळलं, ते इथे लिहिते आहे. संगणकाचं शिक्षण लागत नाही. एक मोकळी दुपार लागते.

माझं म्हणणं आधीच सांगते. लोकांना हाकलण्यात वेळ घालवू नका. घरच्यांसाठी एक नेटवर्क आणि बाकी सगळ्यांसाठी दुसरं, एवढं एकदा झालं की निम्म्याहून जास्त कटकट संपते आणि कुणाशी वाकडेपणाही येत नाही.

हाताशी काय हवं

- राउटर, आणि त्याच्या तळाला किंवा पाठीला चिकटवलेल्या लेबलचा फोटो. लेबलवर राउटरचा पत्ता, लॉगिनचं नाव, मूळ पासवर्ड छापलेला असतो. राउटर भिंतीला लावलेला असेल तर आधी काढून फोटो घ्या, नंतर अंधारात मान वाकडी करून वाचता येत नाही.
- नेटचं शेवटचं बिल किंवा पावती. त्यावरचा ग्राहक क्रमांक आणि कंपनीचा अधिकृत फोन नंबर लागेल.
- कनेक्शनला जोडलेला मोबाइल. ओटीपी त्यावरच येतो. कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर आणि त्यांचा जुना नंबर बंद, असं अनेक घरांत असतं. तसं असेल तर आधी नंबर बदलून घ्या.
- शक्यतो लॅपटॉप. मोबाइलवरही होतं, पण राउटरची पानं छोट्या पडद्यावर नीट दिसत नाहीत.
- एक वही. हो, कागदाचीच. राउटरचा पासवर्ड फक्त मोबाइलमध्ये ठेवला आणि मोबाइल हरवला की अडचण होते.

१. आधी माणसांची यादी करा

राउटरला हात लावण्याआधी वहीत तीन गट पाडा.

पहिला, घरचे: इथे राहणारे, ज्यांच्या फोनवरून टीव्हीवर फोटो दाखवले जातात, प्रिंटरला कागद पाठवले जातात.

दुसरा, नियमित पण घरचे नव्हेत: भाडेकरू, कॉटवरची मुलं, शिकवणीला येणारे विद्यार्थी, पाहुणे.

तिसरा गट लोक विसरतात, तो वस्तूंचा: टीव्ही, सीसीटीव्ही कॅमेरा, सेट टॉप बॉक्स, प्रिंटर, वायफायवाले बल्ब आणि प्लग, एखाद्याकडे सोलरचा इन्व्हर्टर.

प्रत्येकासमोर किती दिवसांसाठी हेही लिहा. वरची मुलं वर्षभर असतात, पाहुणे चार दिवस. पुढचे निर्णय या रकान्यावरून पटापट होतात.

शेजारच्या काकूंचं नाव या यादीत घालायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी घालते. त्यांचा मुलगा परदेशात आहे आणि संध्याकाळचा व्हिडिओ कॉल आमच्या नेटवर होतो. द्यायचं तर उघडपणे, ठरवून द्यावं एवढंच.

२. राउटरच्या आत शिरा

फोन किंवा लॅपटॉप घरच्याच वायफायला जोडलेला ठेवा. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत लेबलवरचा पत्ता टाका. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, टाइप करताना आकडे इंग्रजी घ्या. मोबाइलवरून करत असाल तर मोबाइल डेटा थोडा वेळ बंद ठेवा, नाहीतर काही फोन राउटरचं पान उघडायला वायफाय सोडून डेटाकडे धावतात.

ब्राउझर 'हे पान सुरक्षित नाही' असा इशारा देईल. आपण घरातल्याच डब्याशी बोलतोय, त्यामुळे इथे पुढे जायला हरकत नाही. लेबलवरचं नाव आणि पासवर्ड टाकला की आत जाता.

लेबलवरचा पासवर्ड चालला नाही तर? जोडणी करायला आलेल्या माणसाने तो बदललेला असू शकतो. कंपनीला फोन करा आणि राउटरचं लॉगिन मागा. काही कंपन्या ग्राहकाला मर्यादित लॉगिन देतात आणि पासवर्ड बदलणं, गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) चालू करणं वगैरे कामं त्यांच्या ॲपमधूनच करू देतात. तसं असेल तर पुढच्या पायऱ्या ॲपमध्ये शोधा. नावं थोडी वेगळी असतील, काम तेच.

इथे दोन मोठे सापळे आहेत.

फोन नंबर गुगलवर शोधू नका. 'कस्टमर केअर' म्हणून दिसणाऱ्या नंबरांत फसवे नंबर मिसळलेले असतात. बिलावरचा नंबरच लावा. समोरचा माणूस मोबाइलमध्ये स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगू लागला तर फोन ठेवून द्या.

दुसरं, राउटरच्या मागचं बारीक भोक. टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबलं की राउटर कोरा होतो, हे खरं आहे. पण फायबरच्या डब्यात कंपनीने आपल्या कनेक्शनच्या नोंदी भरलेल्या असतात. त्याही पुसल्या गेल्या तर नेटच बंद पडतं आणि तंत्रज्ञ येईपर्यंत हातावर हात ठेवून बसावं लागतं. कंपनीशी बोलल्याशिवाय ते भोक दाबू नका.

३. राउटरचं कुलूप बदला

वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड वेगळा. हा फरक लक्षात आला की पुढचं सगळं सोपं जातं. दुसरा पासवर्ड अनेक घरांत कारखान्यातून आला तसाच असतो. म्हणजे वायफायला जोडलेला कुणीही आत जाऊन तुमच्या सगळ्या मर्यादा काढून टाकू शकतो. वालचंदच्या मुलांना हे शिकवावं लागत नाही.

'ॲडमिनिस्ट्रेशन' किंवा 'सिस्टीम टूल्स' या भागात तो बदला आणि वहीत लिहा. तिथेच 'रिमोट मॅनेजमेंट' दिसलं तर बंद करा. घराबाहेरून राउटरमध्ये शिरायची गरज आपल्याला नसते. राउटरसाठी नवं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) आलेलं दिसत असेल तर तेही चढवा, फक्त त्या वेळी वीज जाणार नाही याची काळजी घ्या. इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच नाही.

४. आत्ता कोण कोण जोडलेलं आहे ते पाहा

'कनेक्टेड डिव्हायसेस', 'क्लायंट लिस्ट' असं काहीसं पान सापडेल. ते उघडलं की पहिल्यांदा पोटात गोळा येतो, कारण घरात माणसं पाच आणि यादीत नावं पंचवीस. घाबरू नका, या यादीची काही वैशिष्ट्यं आहेत.

काही राउटर आत्ता जोडलेले आणि काल जोडलेले यांची सरमिसळ दाखवतात. राउटर प्रत्येक उपकरणाला काही काळासाठी एक अंतर्गत क्रमांक देतो. तो काळ अनेकदा २४ तासांचा असतो. काल येऊन गेलेल्या भाच्याचा फोन म्हणून आजही दिसतो. 'डीएचसीपी' असं शीर्षक असलेली यादी अशी जुनी नावं धरून ठेवते. 'वायरलेस' भागातली यादी जास्त खरी.

नावंही फसवी असतात. वायफायचा बल्ब किंवा प्लग स्वतःच्या ब्रँडच्या नावाने दिसेलच असं नाही. 'एस्प्रेसिफ' किंवा 'तुया' असं त्याच्या आतल्या चिपच्या किंवा यंत्रणेच्या कंपनीचं नाव दिसतं. मला 'कुणीतरी घुसलंय' म्हणून ज्या घरांतून बोलावणी आली, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी तो अनोळखी घुसखोर त्यांचाच बल्ब, कॅमेरा किंवा कपाटात पडलेला जुना टॅब निघाला.

ओळखायची खात्रीची पद्धत एकच. घरातल्या एका फोनचं वायफाय बंद करा, यादी पुन्हा उघडा, कुठलं नाव गेलं ते पाहा आणि वहीत लिहा. मग पुढचा फोन, मग टीव्ही. राउटरमध्ये सोय असेल तर तिथेच 'आईचा फोन', 'गेटचा कॅमेरा' अशी नावं द्या. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं आहे. शेवटी जी नावं उरतात ती तुमची खरी प्रश्नचिन्हं.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. नेट हळू चालतंय म्हणजे कुणीतरी चोरून वापरतंय, असं लगेच धरू नका. फुल एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात. १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर सात-आठ जणांनी एकाच वेळी व्हिडिओ पाहिला तरी ते पुरायला हवं. अडचण बऱ्याचदा रेंजची असते: राउटर खालच्या हॉलमध्ये टीव्हीमागे दडवलेला, आणि मुलगी वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत. राउटरजवळ उभं राहून वेग तपासा, मग त्या खोलीत जाऊन तपासा. राउटरजवळ भरपूर आणि खोलीत नाही, तर दोष भाडेकरूंचा नाही, जागेचा आहे.

५. दोन नेटवर्क करा

हा या सगळ्याचा गाभा आहे, म्हणून सावकाश वाचा.

गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक राउटरांत 'गेस्ट नेटवर्क' ही सोय असते. त्याच डब्यातून, त्याच कनेक्शनवर दुसऱ्या नावाचं आणि दुसऱ्या पासवर्डचं वायफाय निघतं. त्याला जोडलेल्या माणसाला इंटरनेट मिळतं, पण तुमचा प्रिंटर, कॅमेरा, टीव्ही, लॅपटॉपमधले सामायिक फोल्डर दिसत नाहीत. घराला दिवाणखाना असतो आणि आतली खोली असते, तसं.

आता ते करायची युक्ती. बहुतेक लोक गेस्टला नवं नाव देतात आणि मग एकेकाला 'आता तुम्ही तिकडे जा' म्हणत फिरतात. कुणी जातं, कुणी जात नाही. याच्या उलट करा:

अ) आधी मुख्य नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड बदला. नवा पासवर्ड फक्त घरच्यांना ठाऊक असू द्या.

ब) मग गेस्ट नेटवर्क चालू करा आणि त्याला जुनं नाव, जुना पासवर्ड द्या. अक्षर न अक्षर तेच, इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांसकट. सुरक्षेचा प्रकारही जुना होता तोच ठेवा.

ज्यांच्याकडे जुना पासवर्ड होता त्या सगळ्यांचे फोन आपोआप गेस्टवर जातात. कुणाचंही नेट बंद पडत नाही, कुणाला सांगत फिरावं लागत नाही, आणि तुमच्या आतल्या वस्तूंपर्यंत आता कुणी पोचत नाही. तुम्ही फक्त घरचे फोन आणि घरच्या वस्तू एकेक करून नव्या नावाला जोडत जा.

क्रम चुकवू नका. दोन्हींना क्षणभर जरी सारखं नाव राहिलं तरी राउटर ते स्वीकारत नाही किंवा फोन गोंधळतात. नवीन नेटवर्कला नाव देताना आडनाव, फ्लॅट नंबर घालू नका. कुठलं वायफाय कुणाचं हे रस्त्यावरून कळायचं कारण नाही.

गेस्टच्या सेटिंगमध्ये 'गेस्टला घरच्या नेटवर्कमध्ये येऊ द्या' अशी एखादी खूण असते. ती बंद हवी. 'आयसोलेशन' असा पर्याय असेल तर तो चालू हवा. त्यामुळे गेस्टवरचे दोन फोनही एकमेकांना दिसत नाहीत. वर चार अनोळखी मुलं एकत्र राहत असतील तर त्यांच्याही भल्याचं आहे.

सगळं झाल्यावर स्वतः तपासा. तुमचा फोन गेस्टला जोडा आणि राउटरचं पान उघडायचा किंवा टीव्हीवर व्हिडिओ पाठवायचा प्रयत्न करा. जमलं नाही तर काम झालं. जमलं तर त्या राउटरची गेस्ट सोय नावापुरती आहे असं समजा आणि राउटर बदलायचा विचार करा.

६. सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड

सुरक्षेच्या रकान्यात 'डब्ल्यूपीए२' किंवा 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' निवडा. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलं तर जुने फोन आणि बरेचसे कॅमेरे जोडले जात नाहीत. 'डब्ल्यूईपी' हा प्रकार फार जुना आणि सहज फुटणारा आहे. तुमच्या राउटरवर तो चालू असेल तर आजच बदला.

'डब्ल्यूपीएस' बंद करा. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडण्याची ती सोय आहे. २०११ साली तिच्यातली कमजोरी उघड झाली: पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे कोट्यवधी शक्यतांऐवजी जेमतेम ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो. पासवर्ड कितीही मोठा असला तरी ही मागची खिडकी उघडी राहते.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. आपल्याकडे सर्रास मोबाइल नंबर ठेवतात, आणि तोच नंबर गेटवर 'खोल्या भाड्याने देणे आहे' या पाटीवर रंगवलेला असतो! ते नको. चार असंबद्ध शब्द घ्या आणि इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, म्हणजे 'हळद पूल भडंग खिडकी' अशा धर्तीवर. (हेच शब्द मात्र घेऊ नका, ते आता या लेखात आले.) आजीला फोनवर सांगता येतो, लक्षात राहतो, आणि अंदाजाने सापडत नाही.

घरच्या नेटवर्कचा पासवर्ड कुणालाही तोंडी सांगू नका, स्वतः त्यांच्या फोनमध्ये टाका. पण हेही जाणून असा की यामुळे तो गुप्त राहीलच असं नाही. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनमध्ये जोडलेल्या वायफायचा क्यूआर कोड काढता येतो आणि त्याखाली पासवर्ड सरळ लिहिलेला दिसतो. आयफोनवरही आता साठवलेला पासवर्ड वाचता येतो. म्हणून घरच्या नेटवर्कवर फक्त घरचे. 'एकच दिवस, लगेच काढतो' म्हणणारा लाडका भाचासुद्धा गेस्टवरच.

गेस्टचा पासवर्ड पसरणार हे गृहीतच धरा. त्याचा क्यूआर कोड छापून वरच्या जिन्यात आणि पाहुण्यांच्या खोलीत लावून टाका. दर वेळी सांगायची दगदग वाचते.

७. वस्तू नव्या नेटवर्कवर आणा

फोन आणि लॅपटॉप पटकन होतात. वेळ जातो तो कॅमेऱ्यांत. वायफायचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; कॅमेरा, बल्ब, प्लग बहुधा २.४ वरच चालतात आणि जोडताना तुमचा फोनही त्याच पट्ट्यावर असावा अशी काहींची अपेक्षा असते. राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने देत असेल आणि कॅमेरा जोडला जात नसेल, तर थोडा वेळ ५ गिगाहर्ट्झ बंद करा, कॅमेरा जोडा, मग पुन्हा चालू करा.

गेटवरचा कॅमेरा शिडी लावून काढायचा असेल तर ते काम रविवारी दुपारी ठेवा. तोवर तो गेस्टवर चालत राहील, जुन्याच नावाने. पाचव्या पायरीतली युक्ती इथेही उपयोगी पडते.

पंधरा दिवसांनी यादी पुन्हा पाहा. गेस्टवर घरची एकही वस्तू उरली नाही याची खात्री झाली की गेस्टचा जुना पासवर्ड बदला आणि ज्यांना द्यायचा आहे त्यांनाच नवा द्या. गल्लीत सांडलेला जुना पासवर्ड त्या दिवशी निरुपयोगी होतो.

८. ब्लॉक करणं, वेळ घालणं, वेग आवळणं

प्रत्येक फोनला 'मॅक ॲड्रेस', म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, असतो आणि राउटरमध्ये तो टाकून त्या फोनला अडवता येतं. इंटरनेटवर अजूनही हा रामबाण उपाय म्हणून सांगतात. आता तो तसा राहिलेला नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक न दाखवता बनावट मॅक दाखवतात, आणि तो सेटिंगमधून बदलता येतो. तुम्ही अडवलेला मुलगा एका टिचकीत नवा होऊन येतो. उलट 'फक्त याच फोनना परवानगी' अशी यादी केली तर घरात नवा फोन आला, एखाद्या फोनचा मॅक बदलला की तुम्हालाच राउटर उघडत बसावं लागतं. मॅक ॲड्रेसने अडवणं तात्पुरतं ठीक, भरवसा पासवर्डवर ठेवा.

वेग वाटून देण्याची सोय मात्र खरोखर कामाची आहे. 'बँडविड्थ कंट्रोल' किंवा 'क्यूओएस' नावाने ती सापडते. १०० पैकी ५० किंवा ६० एमबीपीएस गेस्टला ठेवा. मुलांना पुरून उरतं आणि घरातली परीक्षा, मीटिंग अडत नाही. अपलोडलाही मर्यादा घाला. रात्री फोनमधले फोटो गुगलवर चढायला लागले की कॉल तुटतात, ते त्यामुळे. आणि 'अनलिमिटेड' प्लॅनलाही महिन्याची मर्यादा असते का, ते बिलाच्या अटींत वाचा; ती ओलांडली की वेग एकदम खाली येतो.

वेळेचं बंधन लहान मुलांच्या फोनला जरूर घाला. वर राहणाऱ्या सज्ञान मुलांना ते घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांचं सबमिशन रात्री दोनलाच पूर्ण होतं. रात्री अकराला नेट तोडणारा घरमालक त्यांना शिस्त लावत नाही, घर बदलायला लावतो. तसंच, काही राउटर कोण कुठल्या साइटवर गेलं याची नोंद दाखवतात. आपल्या छताखाली राहणाऱ्या परक्या मुलामुलींच्या त्या नोंदी चाळू नका. कनेक्शन तुमचं असलं तरी त्यांचं खाजगीपण त्यांचं आहे.

९. वरच्या मजल्यावर दुसरा राउटर

रेंजसाठी वर दुसरा राउटर लावायचा झाला, तर खालून वर केबल ओढा. सिग्नल नुसता पुढे फेकणाऱ्या स्वस्त डब्यांनी वेग बराच कमी होतो. वरचा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये, म्हणजे खालच्याच राउटरचं नेटवर्क पुढे नेणारा, असा ठेवला की वरचे सगळे फोन खालच्या यादीत दिसतात. तो साध्या राउटर मोडमध्ये राहिला तर खालच्या यादीत सगळा मजला मिळून एकच उपकरण दिसतं. वेग आवळायला हे सोयीचं, कारण एकाच नावावर मर्यादा घातली की झालं. पण अशा मांडणीत वरच्या राउटरमागचे फोन खालच्या घरच्या वस्तूंपर्यंत पोचू शकतात, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून राउटर घेताना दुकानदाराला एवढंच विचारा: ॲक्सेस पॉइंट मोडमध्येही गेस्ट नेटवर्क वेगळं राहतं का? हरभट रस्त्यावर असो की ऑनलाइन, या प्रश्नाचं 'हो' मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

१०. माणसांशी बोला

वरच्या मुलांना आणि भाडेकरूंना बसवून सांगा: हे नाव तुमचं, इतका वेग, पासवर्ड बाहेर देऊ नका, पाहुणा आला तर मला सांगा. भाडेकरारात एक ओळ घाला की वायफायचा बेकायदा वापर झाल्यास वापरणारा जबाबदार. त्या ओळीने पोलिसांची चौकशी टळत नाही, पण बोलणं झालेलं होतं हे लेखी राहतं. भाड्यात नेट धरून देत असाल तर कंपनीच्या अटीही पाहा. घरगुती कनेक्शन पुढे विकायला साधारणपणे परवानगी नसते.

हे मी भीती घालायला सांगत नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी काही मिनिटं गेलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घराच्या वायफायवरून पाठवल्याचं तपासात निघालं. घरात राहणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता, तरी पोलीस आधी त्याच्याच दारात आले. आयपी ॲड्रेसवरून (इंटरनेटवरच्या कनेक्शनच्या क्रमांकावरून) तपास कनेक्शन ज्याच्या नावावर आहे तिथे येतो. नाव तुमचं आहे, म्हणून कोण वापरतं हे तुम्हाला ठाऊक हवं.

संकटात मात्र हात आखडू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा गावभागातले आमचे नातेवाईक आमच्याकडे होते, आणि घरच्यांना खुशाली कळवायला जो तो वायफाय शोधत होता. अशा वेळी गेस्टचा पासवर्ड गेटवर लिहून लावा आणि पाणी ओसरल्यावर बदला. वेगळं नेटवर्क तयार असलं की असं मोकळ्या हाताने देता येतं.

११. कुणी सोडून गेलं की

खोली रिकामी झाली, विद्यार्थी गेले, की गेस्टचा पासवर्ड बदला आणि जिन्यातला क्यूआर कोड नवा लावा. कॉलेजचं वर्ष बदलतं तेव्हा जून-जुलैत तर नक्कीच. घरचा पासवर्ड घरातल्या कुणाचा फोन हरवला किंवा चोरीला गेला तरच बदलायची वेळ येते. राउटर दुरुस्तीला तंत्रज्ञ येऊन गेला असेल तर तो गेल्यावर राउटरचं लॉगिन मात्र बदला. आणि दुरुस्ती करताना त्याने डब्ल्यूपीएस किंवा रिमोट मॅनेजमेंट पुन्हा चालू केलेलं नाही ना, ते पाहा.

कधी खरंच संशयास्पद काही दिसलं, म्हणजे ओळख न पटणारं उपकरण घरच्या नेटवर्कवर, किंवा तुमच्या कनेक्शनवरून झालेल्या फसवणुकीबद्दल फोन, तर आधी जोडलेल्यांच्या यादीचा तारखेसह फोटो घ्या, मगच पासवर्ड बदला. उलट केलं तर पुरावा जातो. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

आणि पुढेमागे राउटरच बदलला, तर नव्या राउटरवरही दोन्ही नेटवर्कना वहीतली तीच नावं आणि तेच पासवर्ड द्या. गेटवरच्या कॅमेऱ्यासकट सगळं आपोआप जोडलं जाईल, शिडी पुन्हा लावावी लागणार नाही.